सखाराम गणेश पंडित यांची सिटिझनशिप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही केस लॉस एंजेलिसमधल्या एका वकिलाची आहे, नाव सखाराम गणेश पंडित. अमेरिकेतले आशियाई लोकांविरुद्धचे जुने कायदे वाचायला घेतले की चिनी, जपानी, पंजाबी नावं येणार हे गृहीतच असतं, आणि त्यात अचानक हे शेजारच्या बिऱ्हाडातलं वाटावं असं नाव आलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलो आणि मग ही केस काही सोडवेना.

आधी कायदा, कारण सगळं भांडण एका शब्दावर आहे. १७९० मधे अमेरिकेच्या काँग्रेसने ठरवलं की बाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्व मिळेल, पण तो 'स्वतंत्र गोरा' असला पाहिजे. यादवी युद्धानंतर १८७० मधे आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही तो हक्क दिला. त्याच वेळी सिनेटर चार्ल्स समनर म्हणत होते की 'गोरा' हा शब्दच कायद्यातून काढून टाका, कटकट संपेल. पश्चिम किनाऱ्याच्या सिनेटर्सनी चिन्यांची भीती घातली, उद्या सगळे चिनी मतदार होतील वगैरे, आणि शब्द राहिला. पुढची ८० वर्षं ह्या एका शब्दाने किती जणांची घरं मोडली ते बघितलं की त्या दिवशीची ती माघार फार लागते मनाला.

१८८२ मधे चिनी मजुरांना बंदी. मग १९०५ मधे सॅन फ्रान्सिस्कोत युनियनवाल्यांनी जपानी-कोरियन लोकांविरुद्ध लीग काढली, दोन-अडीच वर्षांत तिचं नाव 'एशियाटिक एक्स्क्लुजन लीग', म्हणजे आशियाई लोकांना बाहेर ठेवणारी लीग, झालं कारण आता हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातली, माणसंही यायला लागली होती. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना झोपायच्या जागेतून ओढून काढलं, गावाबाहेर हाकललं. १९११ मधे काँग्रेसच्याच डिलिंगहॅम कमिशनने लिहून ठेवलं की पॅसिफिक किनाऱ्यावर हिंदी लोकांना आजवर आलेल्यांतले सगळ्यात नको असलेले समजतात. १९१४ मधे फ्रेस्नोचे काँग्रेसमन डेन्व्हर चर्च हिंदी लोकांना बंदी करायचं विधेयक घेऊन उभे होते, त्यावर समितीपुढे सुनावण्या झाल्या. आणि हे सगळं किती लोकांवरून? सगळ्या अमेरिकेत मिळून हिंदी माणसं दहा हजारांच्याही आत होती.

त्या वादांत जे बोललं जायचं ते ठरलेलं असायचं: हे स्वस्तात राबतात, घाणेरडे राहतात, आमच्यात मिसळत नाहीत. आता ज्याला कोणी घर भाड्याने देत नाही तो मिसळणार कुठे आणि कसा, हे विचारायला त्या सभागृहात फार कोणी नव्हतं. धर्म कुठलाही असो, सगळ्यांना एकच नाव, 'हिंदू'. फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने तर नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या रेघा मारून आशियाचा भला मोठा तुकडा 'बंद पट्टा' करून टाकला, हिंदुस्थान त्यात आला. अध्यक्ष विल्सन यांनी विधेयक परत पाठवलं होतं, पण ते साक्षरतेच्या अटीवरून, पट्ट्यावरून नव्हे, आणि काँग्रेसने ते त्यांच्या डोक्यावरून पास केलं.

पण बंदी नव्यांना. आधीच आत असलेल्यांचं काय? ते कोर्टावर होतं, आणि कोर्टं आपापल्या परीने ठरवत होती. मुंबईचे पारसी भिकाजी बलसारा यांना १९१० मधे अपील कोर्टाने गोरं धरलं, आणि कारण काय दिलं तर पारशी हे हिंदूंपासून तितकेच वेगळे आहेत जितके हिंदुस्थानात राहणारे इंग्रज! पंडितांनी लॉस एंजेलिसच्या कोर्टात अर्ज केला, सरकारी परीक्षकाने हरकत घेतली की हा माणूस गोरा नाही, कोर्टाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि १९१४ मधे पंडितांना सर्टिफिकेट दिलं. सरकारने त्यावर अपील केलं नाही. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावर फिरतं.

सर्टिफिकेटच्या छापील फॉर्मवर तेव्हा वयउंचीबरोबर वर्णाचा एक आणि कांतीचा वेगळा असे दोन रकाने असायचे. इटालियन लोकांच्या कागदांवर पहिल्यात 'गोरा' आणि दुसऱ्यात 'सावळा' असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे सावळं असून गोरं असणं सरकारला चालत होतं, फक्त कोणाला ते चालवायचं हे सरकार ठरवणार.

त्या कागदावर पंडितांनी आयुष्य उभं केलं. १९१७ मधे कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली, सनदेला नागरिकत्व लागायचंच. नोटरी झाले. १९२० मधे एका गोऱ्या अमेरिकन बाईंशी लग्न केलं, घर झालं.

अडचण

पंडितांची स्वतःची केस यायच्या आधी त्यांनी दुसऱ्याची लढली, आणि ती हरले. भगतसिंग थिंड, अमृतसरकडचे शीख, १९१३ मधे आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात कॅम्प लुईसला होते. डिसेंबर १९१८ मधे नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं, गोरा नाही म्हणून. पुन्हा ऑरेगनमधे अर्ज केला, १९२० मधे जज वुल्व्हर्टन यांनी दिलं. ह्या वेळी सरकारने अपील केलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी ब्रिटिश राज्याविरुद्ध उभ्या केलेल्या गदर चळवळीशी थिंड यांचा संबंध होता हेही सरकारच्या डोळ्यात होतं.

थिंड यांच्या बाजूने लेखी युक्तिवादात नावं होती विल किंग, थॉमस मॅनिक्स आणि सखाराम पंडित यांची. त्यांना वाटत होतं आपली बाजू भक्कम आहे, कारण तीनच महिने आधी, १३ नोव्हेंबर १९२२ ला, ताकाओ ओझावा ह्या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळताना कोर्टाने म्हटलं होतं की 'गोरा' म्हणजे कॉकेशियन. ओझावा २० वर्षं तिथे राहिलेले, घरात इंग्रजी बोलणारे, पण कॉकेशियन नाहीत म्हणून नाही. मग थिंड यांच्या वकिलांनी वंशशास्त्राची पुस्तकं काढली: उत्तर हिंदुस्थानातले लोक आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरे. झालं.

१९ फेब्रुवारी १९२३ ला ओझावांचा निकाल लिहिणाऱ्या त्याच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी, जे स्वतः इंग्लंडमधे जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले, एकमताचा निकाल लिहिला की शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. आणि सामान्य माणूस काय समजतो ह्याला आधार म्हणून १९१७ चा बंद पट्ट्याचा कायदाही दिला: काँग्रेसने ह्या लोकांना यायलाच बंदी केली आहे, म्हणजे त्यांना नागरिक करून घ्यायला काँग्रेस राजी असेल असं कसं मानायचं. निकालाचा हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. निवडणुकीच्या सभांतून पिकलेला द्वेष आधी कायदा झाला, आणि तोच कायदा नंतर कोर्टात पुरावा म्हणून उभा राहिला.

मग सुरू झाली वसुली. थिंडचा निकाल हातात घेऊन सरकारने आधी दिलेली सर्टिफिकेटं रद्द करायला दावे लावले. वॉशिंग्टन राज्यात १९१३ पासून नागरिक असलेले ए. के. मजुमदार ह्यात आधी गेले, एकूण पन्नासहून जास्त लोकांवर हे आलं. कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल वेब जमिनींच्या मागे लागले, कारण १९१३ आणि १९२० च्या राज्य कायद्यांनी नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याला शेतजमीन घेता येत नव्हती. आणि १९२३ मधे पंडितांवरही दावा आला.

सर्टिफिकेट गेलं तर सनद जाणार, म्हणजे पोटाचा धंदा जाणार. नोटरीचं काम जाणार. बायकोचं तर अजूनच विचित्र, अशा 'अपात्र' परक्याची बायको म्हणून तिचंही अमेरिकन नागरिकत्व जाणार, जन्म अमेरिकेतला असून. १९२२ च्या केबल कायद्याने बायकांना नवऱ्यापासून वेगळं नागरिकत्व दिलं खरं पण नेमकी हीच फट ठेवली होती. आणि पंडित ब्रिटिश प्रजा म्हणून असलेलं सगळं सोडून आलेले, म्हणजे दोघंही कुठल्याच देशाचे नाहीत.

समोरचे पर्याय

एक म्हणजे गपचूप कागद परत करायचा. खटल्याचा खर्च नाही, पेपरात नाव नाही. पैशाने कमी असलेल्या माणसाला हाच रस्ता सोपा होता, आणि त्याला मी दोष देणार नाही.

दुसरा, ब्रिटिश वकिलातीकडे जायचं. ज्यांच्या राज्याला कंटाळून लोक निघाले, ज्यांचे हेर गदरवाल्यांच्या पाठी अमेरिकेत फिरत होते, त्यांच्याच दारात जाऊन पासपोर्ट मागायचा. व्यापारी वैष्णो दास बगई यांना सरकारने सर्टिफिकेट काढून घेतल्यावर हेच सांगितलं होतं, हिंदुस्थानात जायचंय ना, मग ब्रिटिश पासपोर्ट काढा. त्यांनी तो काढायला नकार दिला.

तिसरा, काँग्रेसकडून कायदा बदलून घ्यायचा. न्यूयॉर्कचे सिनेटर रॉयल कोपलँड यांनी हिंदी लोकांना 'गोरे' धरावं असं विधेयक आणलंही, पण आशियातून येणं जवळजवळ बंद करणाऱ्या १९२४ च्या इमिग्रेशन कायद्यानंतरची ती काँग्रेस, तिथे ते बारगळणारच होतं.

चौथा, परत कोर्टात जाऊन तेच भांडायचं, की मी ब्राह्मण, मी आर्य, थिंडपेक्षा मी वेगळा. बलसारांच्या बाबतीत 'आम्ही त्यांच्यातले नाही' हे चाललं होतंच.

पाचवा पर्याय पंडितांनी निवडला. रंगाचा प्रश्न काढायचाच नाही. १९१४ मधे हाच प्रश्न ह्याच सरकारने ह्याच माणसाविरुद्ध कोर्टात काढला, हरलं, अपील केलं नाही, आता नऊ वर्षांनी परत काढता येणार नाही. आपल्याकडे कोर्टात ह्याला पूर्वन्याय म्हणतात, रेस ज्युडिकेटा. आणि त्याच्या जोडीला विबंध, म्हणजे एस्टॉपल: सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर माणसाने सनद काढली, लग्न केलं, घर बांधलं, मागचे दोर कापले, आता सरकारला तो शब्द फिरवता येणार नाही.

धोका होता का? मोठा होता. १९१७ मधेच सुप्रीम कोर्टाने गिन्सबर्ग केसमधे सांगितलं होतं की कायद्याच्या अटी पुऱ्या नसताना दिलेलं सर्टिफिकेट बेकायदा मिळवलेलं समजून रद्द करता येतं. म्हणजे सरकारच्या हातात चांगलं हत्यार होतं, आणि थिंडचा निकाल ताजा होता.

काय केलं आणि काय झालं

पंडितांनी मुद्दा सोडला नाही. आयुष्याचा हिशोब कोर्टापुढे मांडला: काय सोडून आलो, काय मिळवलं, हा कागद गेला तर काय काय जाईल, बायकोचं काय होईल. कायद्याच्या केसमधे असं घरचं सांगणं कित्येकदा वकील टाळतात, पण इथे तोच पुरावा होता, कारण विबंध सिद्ध करायला नुकसान दाखवावं लागतं. दुसरीकडे १९१४ चा रेकॉर्ड होताच, की सरकारचा माणूस तिथे हजर होता आणि विरोध करून हरला. गुपचूप, सरकारला न कळता मिळवलेलं हे सर्टिफिकेट नव्हतं.

लॉस एंजेलिसचे फेडरल जज पॉल मॅकॉर्मिक यांनी पंडितांच्या बाजूने निकाल दिला. सरकार नवव्या सर्किटच्या अपील कोर्टात गेलं. तेवढ्यात १९२६ मधे सुप्रीम कोर्टाने टुटुन केसमधे म्हटलं की नागरिकत्व देण्याचा हुकूम हा कोर्टाचा खराखुरा निवाडा आहे, नुसतं ऑफिसचं कारकुनी काम नाही, आणि निवाडा म्हटला की त्याला अंतिमता आली. त्याच वर्षी अपील कोर्टाने पूर्वन्यायावर पंडितांच्या बाजूने शिक्का मारला. १९२७ मधे सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला आणि सरकारने उरलेल्या हिंदी लोकांवरचे दावे सोडून दिले. पंडितांचा कागद राहिला, सनद राहिली, बायकोचं नागरिकत्व राहिलं. ज्यांचे दावे अजून चालू होते ते सगळे ह्या एका माणसाच्या चिकाटीमुळे वाचले.

पण ज्यांचे कागद आधीच गेले होते त्यांना ते आपोआप परत मिळाले नाहीत. बगई १९१५ मधे बायको कला आणि तीन लहान मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले होते, इंग्रजी कपडे, इंग्रजी बोलणं, दुकान, बर्कलीत घर घेतलं तर शेजाऱ्यांनी सामान आत न्यायच्या आधीच घराला कुलपं घातली, तरी टिकले. १९२१ मधे नागरिक झाले, थिंडनंतर कागद गेला, मालमत्ता विकावी लागली. मार्च १९२८ मधे सॅन होजेला भाड्याच्या खोलीत त्यांनी गॅस सोडून आत्महत्या केली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरसाठी पत्र ठेवलं, त्यात विचारलं होतं की सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे. पंडितांची केस जिंकून तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. आज सॅन होजे, सनीवेल, फ्रीमाँट पट्ट्यात हजारो मराठी घरं आहेत, मंडळाचा गणपती बसतो, त्याच गावात ही खोली होती. बर्कलीत आता कला बगई यांच्या नावाचा रस्ता आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी मला थिंड केसच्या त्या लेखी युक्तिवादाबद्दल बोलायचंय. कोर्टापुढे प्रश्नच असा पाठवला होता की अमृतसरला जन्मलेला 'उच्च जातीचा हिंदू' गोरा आहे का (थिंड शीख होते, तरी कागदावर हेच), त्यामुळे गोरेपणावर बोलणं वकिलांना चुकवता येत नव्हतं हे मान्य. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी लिहिलं की लग्नाच्या बाबतीत उच्च जातीचा हिंदू खालच्या मूळनिवासी माणसाकडे तसंच बघतो जसा अमेरिकन निग्रोकडे बघतो. म्हणजे आमच्याकडेही शिवाशीव आहे, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या. फुले-आंबेडकर वाचलेल्या मराठी माणसाला ही ओळ वाचताना लाज वाटली पाहिजे, मला वाटली. आणि ह्या युक्तिवादावर पंडितांचंही नाव आहे. ज्या माणसाचं मी इथवर मनापासून कौतुक केलं त्याच्याच हातची ही गोष्ट आहे, ती झाकून ठेवता येणार नाही. ज्या शिडीने त्यांना खाली ढकललं होतं तिच्याच वरच्या पायरीवर जागा मागत होते ते, आणि कोर्टाने मेहरबानी म्हणूनसुद्धा दिली नाही. १९२६ ची बाजू मांडताना ह्या असल्या कशाची गरज पडली नाही आणि ती जिंकली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, ओझावा आणि थिंड दोघं वेगवेगळे लढले. जपानी बाजूला माजी ॲटर्नी जनरल जॉर्ज विकरशॅम यांच्यासारखा वकील होता, पैसा होता. हिंदी बाजूने ओझावांच्या पराभवातलं एक वाक्य शिडी म्हणून वापरलं. दोघांनी मिळून 'गोरा' ह्या शब्दाविरुद्धच आघाडी उघडली असती तर कोर्टात जिंकले असते असं मी म्हणणार नाही, ते कोर्टच तसं होतं. पण काँग्रेसच्या सुनावण्यांत चिनी, जपानी, हिंदी असे एकेकटे जाऊन 'आम्ही त्यांच्यासारखे नाही' सांगत राहिले त्याचा फायदा एक्स्क्लुजनवाल्यांनाच झाला, त्यांनी एकेकाला वेगळं गाठलं.

तिसरं, वेळ. १९२३ नंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जे घाबरून गेले किंवा एकटे लढले ते संपले. हिंदी लोकांनी सगळ्यात मजबूत रेकॉर्ड असलेली एक केस निवडून, वर्गणी काढून, बाकीच्यांनी तारखा मागत राहायचं असं केलं असतं तर बगईंसारखे काही जण १९२७ पर्यंत तगले असते का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. विखुरलेले शेतमजूर आणि दुकानदार, त्यांना हे सुचणं आणि जमणं किती अवघड होतं तेही कळतं.

आणि राजकारण्यांच्या बाजूने बघायचं तर १८७० मधे समनर यांचं ऐकलं असतं तर ह्यातलं काहीच घडलं नसतं. शेवटी २ जुलै १९४६ ला ल्यूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह. 'गोरा' ही अट पूर्ण जायला १९५२ उजाडलं.

थिंड यांना त्याआधीच मिळालं. १९३५ मधे काँग्रेसने पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांसाठी वेगळा कायदा केला, आणि १९३६ मधे न्यूयॉर्कमधे त्यांना तिसऱ्यांदा नागरिक केलं गेलं, ह्या वेळी कायमचं. सैन्यातली नोकरी दाखवायची होती, रंग कोणी विचारला नाही. डिस्चार्जचा कागद त्यांच्याकडे डिसेंबर १९१८ पासून होता, वर्तणुकीपुढे 'उत्कृष्ट' लिहिलेला.